कॉमिक्सची मोजदाद, प्रतवारी आणि विक्री: नागपुरातील प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

गेले पाच रविवार चाललेली मोजदाद आज संपली. घरात एकूण १,१८४ अंक आहेत. त्यांत इंद्रजाल ३१२, अमर चित्र कथा १८६, राज, डायमंड आणि मनोज या हिंदी प्रकाशनांचे मिळून ५९४, तर चांदोबा व इतर किरकोळ ९२ आहेत. बाहेरगावच्या संग्राहकांना हिंदी अंकांचे एवढे प्रमाण पाहून नवल वाटते, पण नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि या शहरात दोन्ही भाषा सारख्याच सवयीने वाचल्या जातात. त्यामुळे माझ्या कपाटात इंद्रजालचा वेताळ (म्हणजे फँटम) मराठीतून बोलतो, राज कॉमिक्सचा नागराज हिंदीतून बोलतो आणि त्यात मला कधी काही वेगळे वाटले नाही.

यांपैकी ३७१ अंक दुबार आहेत. ते विकावेत, त्या पैशांतून संग्रहातील उणे अंक घ्यावेत आणि हे सर्व यापुढे लेखी हिशेबाने चालवावे, असे ठरवले आहे. माझी भाची वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे; तिने हिशेबाची बाजू सांभाळण्याचे मान्य केले. तिची पहिलीच अट अशी, की राखायचे अंक आणि विकायचे अंक यांच्या वह्या वेगळ्या असतील, कपाटेही वेगळी असतील आणि एका कपाटातून दुसऱ्यात अंक गेला तर त्याची तारीख लिहिली जाईल. अट योग्य आहे.

१० मार्च २०२४, रविवार

प्रतवारीची पद्धत ठरवण्यासाठी आजचा पूर्ण दिवस दिला. जगभर चालणारी मोजपट्टी अमेरिकेतील आहे. तिथे ओव्हरस्ट्रीट यांची कॉमिक्सची किंमत-मार्गदर्शिका १९७० पासून निघते आणि अंकाची स्थिती ० ते १० या आकड्यांत सांगण्याची रीत तिथल्याच बाजाराने रूढ केली. ०.५ म्हणजे अतिशय वाईट, २ म्हणजे ‘गुड’, ४ म्हणजे ‘व्हेरी गुड’, ६ म्हणजे ‘फाइन’, ८ म्हणजे ‘व्हेरी फाइन’ आणि ९.४ म्हणजे ‘निअर मिंट’. येथे ‘गुड’ या शब्दाने फसू नये. २ ला ‘गुड’ म्हटलेला अंक आपण नजरेने पाहिला तर त्याला जीर्णच म्हणू. २००० साली अमेरिकेतच सीजीसी ही संस्था सुरू झाली. ती विकणारा आणि घेणारा या दोघांहून वेगळ्या तिसऱ्या पक्षाच्या नात्याने अंक तपासते, आकडा देते आणि अंक पारदर्शक प्लास्टिकच्या कठीण कवचात बंद करून परत पाठवते. कवचावरच्या पट्टीचा रंगही बोलतो: निळी पट्टी असेल तर अंक जसा होता तसा आहे, जांभळी असेल तर त्यावर दुरुस्तीचा हात फिरला आहे.

आपले अंक तिकडे पाठवायचे नाहीत, असे मी ठरवले. जाण्यायेण्याचा खर्च आणि तपासणीचे शुल्क मिळून बहुतेक अंकांच्या किमतीहून जास्त होईल, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ती मोजपट्टी त्यांच्या अंकांच्या आयुष्यावरून घडली आहे. आपले अंक उन्हाळ्याच्या सुट्टीत रोजच्या भाड्याने घरोघर फिरले, वाचनालयांनी ते पाच-पाच, दहा-दहा एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधले आणि मुलांनी त्यांतली कोडी पेनने सोडवली. आकडा तिकडचा ठेवावा, कारण घेणाऱ्याला तो समजतो. पण तो आकडा कसा आला, हे आपल्या अंकांच्या दोषांवरून आणि साध्या मराठीत लिहून द्यावे, असा माझा विचार आहे.

१७ मार्च २०२४, रविवार

पहिली पद्धत करून पाहिली: १० पासून सुरुवात करायची आणि प्रत्येक दोषाला ठरलेले गुण वजा करायचे. ही पद्धत चालत नाही. एका अंकात बारा क्षुल्लक दोष होते आणि तो उणे आकड्यात गेला. दुसऱ्या अंकाचे मलपृष्ठच नव्हते, पण बाकी कागद स्वच्छ असल्याने त्याला ७ मिळाले. मलपृष्ठ नसलेला अंक कोणीही ७ चा मानणार नाही.

चाचणीसाठी घेतलेल्या अंकांपैकी एकाचे वर्णन येथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण आपल्या अंकांचे जवळपास सर्व प्रश्न त्या एकात आहेत. मराठी इंद्रजाल, वेताळाची कथा. कण्यापासून, म्हणजे पाने जिथे जोडलेली असतात त्या घडीपासून, सुमारे ६ मिलिमीटरवर तीन भोके आहेत, म्हणजे हा अंक वाचनालयाच्या बांधणीत होता. भोकांच्या कडा आतून बाहेर वळलेल्या आहेत, म्हणजे दाभण मागच्या पानाकडून घातला होता. पहिल्या पानावर नागपुरातल्या महाल या भागातील एका वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. ते वाचनालय आता नाही. पिना दोन्ही गंजल्या आहेत आणि गंजाचा तपकिरी डाग मधल्या पानावर पिनेच्या आकाराहून दुप्पट पसरला आहे. उजवीकडची कड बाकी अंकाच्या तुलनेत पांढरट दिसते. मी पंचवीस वर्षे छपाईच्या धंद्यात आहे. जुन्या न्यूजप्रिंटची कड तपकिरी न दिसता अशी ताजी दिसली, की ती कटिंग मशीनखाली गेलेली आहे हे सांगायला भिंग लागत नाही. दुसऱ्या अंकाशी ताडून पाहिले तर रुंदी ३ मिलिमीटरने कमी भरली. बांधणी करणाऱ्याने कडा सारख्या करण्यासाठी छाटल्या होत्या.

भोके, शिक्का, गंज आणि छाटणी या चार गोष्टींना एकाच तराजूत घालता येत नाही. गंज हा काळाचा परिणाम आहे, भोके ही वापराची खूण आहे, शिक्का ही मालकीची खूण आहे आणि छाटणीने अंकाचा मूळ आकारच बदलला आहे.

३१ मार्च २०२४, रविवार

वजाबाकी सोडली. आता प्रत्येक मोठ्या दोषाला एक कमाल मर्यादा ठरवली आहे: तो दोष असेल तर अंक बाकी कितीही चांगला असला तरी त्या मर्यादेच्या वर जाणार नाही. बांधणीची भोके असतील तर कमाल ४. कडा छाटलेल्या असतील तर कमाल २, आणि ‘छाटलेला’ हा शब्द आकड्याच्या आधी. मुखपृष्ठ पिनेवरून सुटले असेल तर कमाल ३. पान, मलपृष्ठ किंवा कापून घेतलेले कूपन नसेल तर ०.५ आणि अंक अपूर्ण म्हणून नोंद. लहान दोष त्या मर्यादेच्या आत आकडा खाली-वर करतात. सर्वांत आधी कण्यावरच्या आडव्या सुरकुत्या पाहायच्या आणि त्यांनी रंग तोडला आहे का ते पाहायचे. रंग न तोडलेली सुरकुती आणि रंग तोडून पांढरी रेघ उमटलेली सुरकुती यांत मोठा फरक आहे.

मालकीच्या खुणांसाठी वेगळा रकाना ठेवला: शिक्के, नावे, वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेला मजकूर. त्यांनी आकडा किंचित कमी होतो, पण त्यांचे पूर्ण वर्णन लिहायचे.

भाचीने नोंदींच्या तक्त्यात या सर्वांचे रकाने करून दिले.

२१ एप्रिल २०२४, रविवार

साठवणीचे काम. या अंकांचा कागद लाकडाच्या यांत्रिक लगद्याचा आहे. त्यात लिग्निन राहते, ते उजेडात आणि हवेत पिवळे पडते आणि कागदातले आम्ल तंतू तोडत जाते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा जुना ठोकताळा नागपूरकरांनी तरी लक्षात ठेवलाच पाहिजे. गच्चीखालच्या खोलीतील दोन्ही लोखंडी कपाटे तळमजल्यावर आणली आणि पश्चिमेच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला लावली.

अंकांमागे घालायला छापखान्यातला राखाडी पुठ्ठा फुकट मिळण्यासारखा होता. आम्ल तपासण्याच्या पेनने त्यावर रेघ ओढली. रेघ जांभळी व्हायला हवी होती, ती पिवळीच राहिली. हा पुठ्ठा रद्दीपासून बनतो आणि त्याचे आम्ल हळूहळू अंकात उतरेल, म्हणून तो वापरायचा नाही. आम्लरहित पुठ्ठा विकत घेतला. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्यायच्या. वह्यांच्या दुकानात मिळणारी वास येणारी मऊ पीव्हीसीची कव्हरे कालांतराने शाईला चिकटतात. माझ्याकडच्या चार चांदोबांची मुखपृष्ठे अशाच कव्हरांना चिकटून रंग सोडून गेली आहेत. त्या चित्रांकडे पाहवत नाही.

१९ मे २०२४, रविवार

विक्रीसाठी तपासून झालेले ६० अंक पुढच्या खोलीत टेबलावर आठ दिवस होते आणि त्या खोलीत कूलर चालतो. कूलर हवा थंड करतो तो पाणी बाष्प करून, म्हणजे बाहेरच्या कोरड्या हवेला ओल देऊन. अंक कूलरच्या झोताच्या रेषेत होते. मुखपृष्ठे लाटांसारखी उचलली गेली आहेत. मुखपृष्ठाचा चकचकीत कागद आणि आतला न्यूजप्रिंट ओल वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून एक ताणला जातो आणि दुसरा नाही. चूक माझी आहे. सर्व अंक आतल्या कोरड्या खोलीत दोन स्वच्छ पुठ्ठ्यांमध्ये वजनाखाली ठेवले आहेत.

यापुढे कूलरच्या खोलीत एकही अंक जाणार नाही.

२ जून २०२४, रविवार

६० पैकी ४९ अंक सपाट झाले. ११ अंकांच्या लाटा थोड्या उरल्या आणि त्यांचा आकडा अर्ध्या गुणाने उतरवला.

खोलीतली आर्द्रता मोजण्यासाठी आणलेले लहान यंत्र आज तपासले. ३० मे रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते आणि नंतर तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. तेव्हापासून आपलेही यंत्र पारखून घ्यावे असे मनात होते. पद्धत सोपी आहे. बाटलीच्या बुचात साधे मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकावेत, मीठ विरघळू न देता ते फक्त चिखलासारखे ओले करावे, आणि बूच व यंत्र एका झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवावे. अशा बंद हवेतील आर्द्रता ७५ टक्के होते. माझे यंत्र सकाळी ६८ दाखवत होते, म्हणून आता प्रत्येक वाचनात ७ मिळवायचे.

३० जून २०२४, रविवार

पाऊस लागला आहे. आतल्या खोलीत सुधारित वाचन ७९ टक्के. पिशव्यांची तोंडे बंद केलेली नाहीत. ओल शोषलेला अंक पिशवीत कोंडला तर ती ओल आतच राहते. प्रत्येक खोक्यात सिलिका जेल आणि कपाटाच्या तळाशी कापडात बांधलेले वेखंड ठेवले. डांबरगोळ्या ठेवल्या नाहीत.

गंजलेल्या पिनांबाबत निर्णय करावा लागला. आमच्या छापखान्यात सेंटर पिनचे, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारण्याचे मशीन आहे. जुनी पिन काढून त्याच भोकांतून नवी घालायला मला एक मिनिट पुरेल आणि अंक पाहणाऱ्याला नीटनेटका दिसेल. परंतु पिन बदलणे ही दुरुस्ती आहे आणि ती न सांगता केली तर ती फसवणूक आहे. जुन्या पिना जशा आहेत तशा ठेवायच्या आणि गंजाची नोंद करायची. केवळ वजनाखाली सपाट करणे याला बाजार दुरुस्ती मानत नाही, म्हणून ते चालेल. रंग भरणे, गोंद, चिकटपट्टी आणि छाटणी यांपैकी आम्ही काही करणार नाही.

१४ जुलै २०२४, रविवार

या प्रकल्पातला आतापर्यंतचा सर्वांत उपयोगी दिवस आजचा होता, म्हणून नोंद मोठी आहे.

भाचीने सुचवले, की मी मार्चमध्ये तपासलेल्या अंकांपैकी ४० अंक तिने निवडावेत, मी जुने आकडे न पाहता ते पुन्हा तपासावेत आणि तिनेही स्वतंत्रपणे तपासावेत. त्यांत २२ अंक माझ्या लहानपणापासूनचे होते आणि १८ मागाहून विकत घेतलेले. विकत घेतलेल्या १८ पैकी १६ अंकांत माझे दोन्ही वेळचे आकडे आणि तिचा आकडा अर्ध्या गुणाच्या आत जुळले. लहानपणच्या २२ पैकी १४ अंकांना मात्र मी दोन्ही वेळा तिच्याहून १ ते १.५ गुण जास्त दिले होते. म्हणजे माझी नजर अस्थिर नव्हती. ती ठरावीक दिशेने झुकलेली होती.

तिने एक अंक माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “मामाजी, हे पाहा न. हा कोपरा तुम्हाला दिसतच नाही.” खालचा उजवा कोपरा गोल झिजलेला होता आणि मी दोनदा तपासूनही तो लिहिला नव्हता. पान उलटायला मी लहानपणी तिथेच बोट लावत असे. तो कोपरा माझ्या दृष्टीने अंकाचाच भाग होता, दोष नव्हता.

विक्रीच्या व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. जो अंक माझ्या जिवाजवळचा आहे त्याची प्रत मी वाढवून सांगतो आणि ज्याला तो विकतो तो माझ्या आठवणींचे पैसे भरतो, जे त्याने भरायचे काही कारण नाही. माझ्या लहानपणच्या कोणत्याही अंकाची प्रतवारी यापुढे मी करणार नाही. ती भाची करील आणि तिचा आकडा अंतिम राहील. उरलेल्या अंकांत आम्ही दोघे स्वतंत्रपणे तपासू आणि दोन आकड्यांत फरक पडला तर कमी असलेला आकडा लिहू.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

इतवारीतल्या एका रद्दीवाल्याकडून राज कॉमिक्सचे ४६ अंक १,३८० रुपयांत घेतले. त्यात ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातले तीन अंक आहेत, म्हणजे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव नुकतेच आले तेव्हाचे. नऊ अंक फाटके आहेत आणि बाकीचे सर्वसाधारण.

हिशेबात प्रश्न आला. ४६ ने भागले तर प्रत्येक अंक ३० रुपयांना पडला, पण तसे लिहिले तर फाटका अंक ३० ला घेऊन १० ला विकल्याचा तोटा दिसेल आणि जुना अंक ३० ला घेऊन ६०० ला विकल्याचा अवास्तव नफा दिसेल. भाचीने पूर्ण गठ्ठ्याची अपेक्षित विक्री आधी मांडली. ती ६,९०० रुपये आली, म्हणजे खरेदी अपेक्षेच्या पाचव्या हिश्शाएवढी. मग प्रत्येक अंकाची खरेदी त्याच्या अपेक्षित किमतीच्या पाचवा हिस्सा धरली: ६०० च्या अंकाची १२०, ५० च्या अंकाची १०. गठ्ठ्याने घेणाऱ्या प्रत्येकाने ही रीत वापरावी, अशी माझी शिफारस आहे.

पहिल्या छपाईची शहानिशाही केली. अमर चित्र कथेचे अंक पुनःपुन्हा छापले गेले आहेत, म्हणून अंकात दिलेली उपलब्ध शीर्षकांची यादी पाहावी लागते; यादीतला शेवटचा क्रमांक अंकाच्या स्वतःच्या क्रमांकाहून फार पुढचा असेल तर ती मागाहूनची छपाई आहे. ‘कृष्ण’ हा अंक ११ क्रमांकाचा आहे म्हणून आधीचे दहा शोधत बसणाऱ्या एका गृहस्थांना मी सांगितले, की ते दहा परदेशी परीकथांचे होते. इंद्रजाल मार्च १९६४ ते १९९० एवढाच काळ निघाले, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक यांमुळे दोन दिवस टपालात काही टाकता आले नाही. आज नऊ पाकिटे गेली.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

पुण्याच्या एका ग्राहकाने मराठी इंद्रजालचा ८५० रुपयांना घेतलेला अंक परत पाठवला. आम्ही ५.५ लिहिले होते. अंकातला मधला ताव नाही. सेंटर पिनच्या ३२ पानी अंकातला सर्वांत आतला ताव म्हणजे १५ ते १८ ही चार पाने. तो पिनेवरून निसटला तर बाकीच्या अंकाला धक्का लागत नाही, कणा तसाच राहतो आणि वरून पाहणाऱ्याला काहीही कमी दिसत नाही. पंचवीस वर्षे फर्मे मोजणाऱ्या माणसाने हे तपासायला हवे होते. मी पानांचे क्रमांक पाहिले नव्हते, फक्त अंक चाळला होता.

पूर्ण रक्कम आणि दोन्ही बाजूंचे टपाल त्यांना परत केले आणि माफी मागितली. त्यांनी उत्तरात लिहिले, की अंक नुसता आकड्यावर न विकता मधल्या पानाचे छायाचित्र द्यावे. सूचना मान्य केली. आजपासून प्रत्येक अंकाची पाने क्रमांकाने मोजून ती संख्या चिठ्ठीवर लिहायची आणि मधले पान उघडून, पिना दिसतील असे छायाचित्र काढायचे. आधी विकलेल्या ६१ अंकांच्या सर्व ग्राहकांना कळवले, की मधले पान पाहून घ्यावे आणि नसेल तर अंक परत करावा. आणखी एक अंक परत आला.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दीक्षाभूमीवर गेलो होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांची दुकाने मैलभर लागतात आणि लांबून आलेली माणसे पिशव्या भरून पुस्तके नेतात. अमर चित्र कथेतल्या ‘बाबासाहेब आंबेडकर’ या अंकाबद्दल माझ्याकडे वर्षभर विचारणा होते, आणि विचारणारे प्रतवारी कधीच विचारत नाहीत. त्यांना तो मुलांना वाचायला द्यायचा असतो. अशा ग्राहकाला प्रत ४ ची की ६ ची याचे कौतुक सांगणे गैर आहे. माझ्याकडच्या पाच दुबार प्रतींपैकी वाचण्याजोग्या चार प्रती साध्या किमतीत दिल्या.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

कराचा विषय मार्गी लागला. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे आमच्या विक्रीवर तो लागत नाही. मात्र पिशव्या आणि पुठ्ठे घेताना भरलेला जीएसटी वजावटीत मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. आमच्या सनदी लेखापालांनी भाचीच्या तारखा लिहिण्याच्या शिस्तीचे कौतुक केले. स्वतःचा राखीव अंक विक्रीच्या कपाटात गेला, तर त्या दिवशीची त्याची बाजारातली किंमत लिहून ठेवावी, म्हणजे किती मिळकत छंदातल्या मालाची आणि किती धंद्याची, हे पुढे वेगळे सांगता येते.

मार्चमध्ये वर्णन केलेला वाचनालयाचा अंक आज गेला. छाटलेला, भोके असलेला, प्रत १.५. चिठ्ठीवर शिक्क्यातली अक्षरे जशीच्या तशी लिहिली होती. घेणारे गृहस्थ अमरावतीत राहतात. त्यांचे बालपण महालात गेले आणि त्या वाचनालयाचे ते सभासद होते. त्याच कथेची ६ ची प्रत माझ्याकडे होती, ती मी त्यांना दाखवली. त्यांनी शिक्क्याचीच घेतली आणि किंमत न घासता दिली. मालकीच्या खुणांचा रकाना वेगळा ठेवला नसता आणि नुसते ‘शिक्का आहे’ एवढे लिहिले असते, तर हा अंक त्यांच्यापर्यंत पोहोचला नसता.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

टपाल खात्याची नोंदणीकृत पुस्तक टपाल सेवा १८ तारखेपासून बंद झाली. आमचे सर्व लहान अंक त्याच सेवेने जात होते, त्यामुळे किमतींची पुन्हा मांडणी करणे भाग आहे. पिशवी ४ रुपये, आम्लरहित पुठ्ठा ९, बांधणीचा पन्हाळी पुठ्ठा आणि पाकीट १८, म्हणजे टपालाआधीच ३१ रुपये लागतात. १०० रुपयांखालचे अंक यापुढे सुटे विकायचे नाहीत, दहाच्या संचाने विकायचे.

बांधणीची रीत एकदा लिहून ठेवतो. अंक पिशवीत, पिशवी अंकाहून दोन बोटे मोठ्या अशा दोन पन्हाळी पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट कोणत्याही बाजूने वाकत नाही. चिकटपट्टीचे टोक दुमडून ठेवावे. घेणाऱ्याला नखाने ओढता आले नाही तर तो कात्री घेतो आणि कात्री आतल्या पिशवीपर्यंत जाते.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मोजदाद संपल्यापासूनचा हिशेब भाचीने मांडला. विकलेले अंक १४३, जमा ४८,६५० रुपये. खरेदी ११,२००, सामान ५,३००, टपाल ७,९००, परताव्यांत १,०५०. शिल्लक २३,२००. त्याला नफा म्हणू देत नाही ती, कारण विकलेल्यांपैकी ५८ अंक माझ्याच कपाटातले दुबार होते आणि त्यांची खरेदी या हिशेबात नाही. दोघांनी मिळून २१० तास काम केले, म्हणजे तासाला सुमारे ११० रुपये पडले. यावर घर चालणार नाही, पण संग्रहाला लागणारे अंक आता संग्रहच कमावतो आणि मला माझ्या पगारातून काही घालावे लागत नाही. एवढेच साधायचे होते.

या शिलकीतून आबिद सुरती यांच्या बहादूर या नायकाचे सुरुवातीचे मराठी अंक घ्यायचे आहेत. बहादूर १९७६ च्या डिसेंबरात इंद्रजालमध्ये आला आणि माझ्याकडे त्याचे पहिले वर्ष अर्धेच आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

माझ्या लहानपणच्या २२ अंकांपैकी सहा दुबार आहेत. ते विक्रीच्या कपाटात नेले, तारीख आणि त्या दिवशीची किंमत लिहिली. प्रतवारी भाचीने केली. मी त्या वेळी खोलीत नव्हतो. सहावी चिठ्ठी मला तपासायला दिली, ती अशी:

“मराठी इंद्रजाल, वेताळ. प्रत ३.५. पाने ३२, सर्व आहेत, मधला ताव पिनांवर घट्ट. पिना मूळच्या, किंचित गंज. कण्यावर रंग तोडणाऱ्या पाच सुरकुत्या. खालचा उजवा कोपरा पान उलटून झिजलेला. कडा न छाटलेल्या. दुरुस्ती नाही. शेवटच्या पानावरचे कोडे पेन्सिलने सोडवलेले, उत्तर बरोबर आहे.”

मी त्या अंकाला ५ दिले असते. चिठ्ठी जशीच्या तशी ठेवली आणि अंक पिशवीत घातला.